पंचवीस मिनिटं आणि चार कोंबड्या

सोम. ३ जाने. १९५५, बल्लारशा

चांद्याहून डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, विषमज्वर गेला, पण बाईंच्या अंगात रक्त उरलेलं नाही. कोंबडीचा रस्सा द्या, रोज दिलात तर उत्तम. सांगायला सोपं. बल्लारशात कोंबड्या पायात येतात, पण आम्हा बेने इस्रायलींसाठी धर्माच्या नियमाने कापणारा हज्जान, म्हणजे आमचा पुरोहित, मुंबईत. परळहून बदली झाल्याला चौदा महिने झाले, चौदा महिने घरात मांस शिजलेलं नाही. मासे, अंडी, डाळ, परत मासे.

डॉ. ना सांगितलं. त्यांनी विचारलं, आजारपणात तुमच्या धर्मात सूट नाही का? म्हटलं, जिवावर बेतलं तर आहे.

आतून रिबकाचा आवाज : "बेतलेलं नाही."

आवाज बारीक, पण ठाम. म्हणजे बरी होतेय.

मंगळ. ४ जाने.

गणपतने वर्धा नदीतले मांगूर आणले. मी गाड्यांची चाकं-एक्सल तपासणारा; गणपत माझा खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, वयाने माझ्याहून थोरला. हातोडी नि तेलाचा डबा घेऊन सगळ्या गाड्यांना माझ्याबरोबर असतो. त्याच्या मते मांगुरासारखी ताकतीची मासोळी नाही. रि. ने पाहिलं, खवले नाहीत. खवले नाहीत तो मासा आम्हाला चालत नाही. गणपत बराच वेळ माशाकडे बघत राहिला. "बाईले बिनाखवल्याचं नाई चालत, मले बिनातिखटाचं नाई चालत," म्हणाला नि मासे घरी घेऊन गेला. संध्याकाळी रोहू दिला.

गुरु. ६ जाने.

नागपूरहून मावसभावाचं पत्र. त्याला मुलगा झाला. सुंतेला मुंबईहून मोझेसबाबा हज्जान येणार. तिथून ते ता. २० ला, गुरुवारी, दुपारच्या गाडीने सिकंदराबादला लग्न लावायला जाणार. गाडी बल्लारशाला थांबतेच. "बाबा गाडीतलं काही खात नाहीत. मुंबई ते नागपूर खारे दाणे, केळी नि स्वतःच्या सुरईतलं पाणी, असं कळवलंय. वय एकाहत्तर. वहिनींची तब्येत बरी असेल तर डबा द्यावा."

रि. ला वाचून दाखवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा उशी पाठीशी घेऊन ताठ बसली. तांदळाच्या भाकरी, नारळाच्या दुधातलं रोहूचं कालवण, चिकाचा हलवा. नारळ मद्रासच्या गाडीने येतात, ते आजच सांगून ठेवा. मग म्हणाली, "बाबा सुरी बरोबर ठेवतात ना?"

मला कळायला थोडा वेळ लागला.

"गाडी किती वेळ थांबते?"

पंचवीस मिनिटं. इंजिन पाणी घेतं.

"मग?"

शुक्र. ७ जाने.

बाबांना पत्र टाकलं, मावसभावाच्या पत्त्यावर. लाज वाटत होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला गाडीतून उतरून कोंबड्या कापायला सांगायचं. रि. म्हणाली, लाज वाटते तर माझं नाव घाला. घातलं.

शुक्र. १४ जाने.

बाबांचं कार्ड. अक्षर मुंगीच्या पायांचं. मजकूर असा : चार जमतील. सुरी प्रत्येक वेळी नखावर तपासावी लागते, त्याला वेळ जातो, म्हणून चारच. कोंबड्या धडधाकट हव्यात, पंख-पाय मोडलेला नको. पाय फार वेळ आवळून ठेवू नयेत, मुकं जनावर आहे. रक्त झाकायला राख किंवा कोरडी माती तयार ठेवावी. शेवटी : "आणि सुनबाई, कालवणात चिंच थोडी पुढे असू दे."

रि. दिवसभर कार्ड उशाशी ठेवून. दुपारी स्वतः उठून भात लावला.

रवि. १६ जाने.

बाजार. जंगलाकडच्या गावातून एक गोंड बाई येते, जंगोबाई, कोंबड्या तिच्याकडेच चांगल्या. मी एकेक उचलून पंख उलगडून पाहायला लागलो. ती बघत होती. एकीचा पंख जरा लोंबता वाटला, ठेवून दिली.

"कोन्या देवाले लागते?"

म्हटलं, देवाला नाही, खायला.

"खायाले एवढं कोन पाह्यते?"

सांगितलं सगळं. आमच्यात कोणीही कापलेलं चालत नाही, शिकलेला माणूस लागतो, तो मंत्र म्हणतो, तो गाडीने येतोय. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "आमच्या पूजेत बी भुमकाच कापते, आमचा पुजारी. दुसऱ्यानं कापलं तं देव घेत नाई." आणि मी निवडलेल्या चारांतली एक काढून घेतली, तिच्या जागी टोपलीच्या तळची लाल पिसांची दिली. "हे घे. ते खोकते."

पुण्या-मुंबईला आमचा धर्म समजावून सांगताना तोंड दुखायचं. इथे दोन वाक्यांत काम झालं.

मंगळ. १८ जाने.

सगळ्या स्टेशनला बातमी. पॉइंटवाला विचारतो, भटजी येऊन राह्यले का तुमचे? स्टेशनमास्तर खुशीत, पाण्याच्या टाकीमागची जागा झाडून घ्यायला सांगितली. फलाटावरून दिसत नाही, गणपतने राखेचं घमेलं आधीच नेऊन ठेवलंय.

दुपारी मालगाडीच्या चाकांवर हातोडी मारता मारता गणपत म्हणाला, पंचवीस मिनिटं कमी पडली तं? मी म्हटलं, पडणार नाहीत. तो म्हणाला, "लिवून टाका ना एक्सल गरम हाय म्हनून. बोगी तोडून बाजूले लावतीन, तासभर गाडी हालत नाई. कोन पाह्यते?"

मी हातोडी खाली ठेवली. अठरा वर्षांत असं लिहिलेलं नाही, म्हटलं, परत बोलू नकोस. जास्तच कडक बोललो बहुधा. कारण कालपासून तेच माझ्याही डोक्यात येऊन गेलेलं. दोनदा.

गुरु. २० जाने.

लिहायला घेतलंय खरं. हात ठणकतोय. क्रमाने लिहितो.

गाडी वीस मि. उशिरा. म्हणजे थांबा बारा मिनिटांवर येणार, स्टे.मा. नी आधीच सांगितलं. रि. घरून स्टेशनपर्यंत चालत आली! गणपतच्या बायकोच्या आधाराने, पण चालत. टाकीमागे स्टुलावर बसली, मांडीवर डबा, शेजारी टोपलीत कोंबड्या.

बाबा उतरले. लहानखुरे, काळी टोपी, बगलेत छत्री, हातात चामड्याची पेटी. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "वेळ नाही, कोंबड्या कुठे?" गणपत त्यांना घेऊन गेला. मी गाडीला लागलो.

इंजिनापासून पाचवी बोगी, तिसरा वर्ग, मागच्या चाकाची डावी एक्सलपेटी. उलटा हात लावला नि चटका बसला. परत लावला. बोटांवर फोड आला. धूर नाही, वास अगदी किंचित.

तिथे उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, अर्धं मिनिट असेल. आता लिहिलं तर कोण खरं मानणार? मीच मानलं नसतं. आणि नाही लिहिलं, तर पुढे नदीवरचा पूल. खिडकीत एक बाई पोराला संत्रं सोलून देत होती. तिने मला विचारलं, भाऊ, गाडी कितीक वेळ थांबते?

म्हटलं, आता बराच वेळ थांबेल. आणि लिहिलं.

स्टे.मा. आले ते हसतच. "सॅम्युअल, एवढं प्रेम कोंबड्यांवर?" मग माझ्या तोंडाकडे पाहून हसणं थांबवलं. पण पेटीला हात लावला नाही. गार्ड तरुण, नवा, भडकला. म्हणाला, सगळ्या स्टेशनला ठाऊक आहे तुमच्या घरची मेजवानी, मी कळवणार. म्हटलं, कळवा. पेटीला हात लावा नि मग कळवा. त्याने लावला नाही. ड्रायव्हर मात्र खाली उतरून आला, पेटीपासून वीतभर लांब पंजा धरला आणि कोणाशी काही न बोलता बोगी तोडायला निघून गेला.

एक तास दहा मि. बोगी सायडिंगला. माणसं दुसऱ्या डब्यांत बसवली, संत्रंवाली बाई मला शिव्या देत चढली.

टाकीमागे गेलो तेव्हा चारही झाल्या होत्या. गणपत पिसं काढायला गरम पाणी घेऊन आला, रि. ने थांबवलं; मीठ लावून रक्त काढेपर्यंत गरम पाणी लावायचं नाही. तो सुकीच उपटत बसला. बाबा पाय पसरून जेवत होते. तीन भाकरी. कालवण बोटांनी पुसून. म्हणाले, नागपूर सोडल्यापासून शेजारचा प्रवासी पुरीभाजी पुढे करत होता, खानसामा दोनदा विचारून गेला. पूर्वी स्टेशनांवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी वेगळं असायचं, तेव्हा पाणीवाला विचारायचा, बाबा तुम्ही कुठलं? "मी सांगायचो, मी तहानलेला."

माझी बोटं त्यांना दिसली. सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात उलटा करून फोड पाहिला, मग सुरी माझ्या हातात दिली, म्हणाले, नखावरून फिरव, खाच लागते का सांग. फिरवली. टोकाकडे केसाएवढं काहीतरी लागलं. ते सांगितलं. त्यांनी स्वतः पाहिलं, दोनदा. "चौथीनंतर पडली असेल. मला लागली नाही. तुला लागली." मग सुरी पुसून ठेवून दिली.

गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "मुंबईला ये. शिकवतो. मी काही दर वर्षी बल्लारशाला उतरणार नाही."

रवि. २३ जाने.

काल शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, लिहिलं नाही. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला कोंबडीचा रस्सा. प्यायल्यावर रि. चे कान लाल झाले. आरशात तिच्या कानांकडे बघून आम्ही दोघंही हसत राहिलो.

पण माझं लक्ष सायडिंगच्या बोगीकडे. पेटी थंड झालीय. वरून पाहिलं तर काही कळत नाही. उघडायला नागपूरहून साहेब यायचे. रि. जवळ बोललो : मला ती गरम हवी होती म्हणून तर गरम लागली नसेल? ती म्हणाली, फोड पण तुम्हाला हवा होता म्हणून आला?

बोटांना खोबरेल लावलं तिने.

बुध. २६ जाने.

स्टेशनावर झेंडावंदन. कोणीतरी मागून "कोंबडीसाहेब" म्हणालं. वळलो तर सगळे झेंड्याकडे बघतायत.

शुक्र. २८ जाने.

लेखी विचारणा आली. गार्डचा आरोप, खासगी कारणासाठी गाडी रोखली. खुलासा द्या. खुलाशात काय लिहू? हात लावला, गरम होतं. एवढंच लिहिलं. स्टे.मा. म्हणाले, जरा सविस्तर लिहा. म्हटलं, एवढंच झालं.

क्वार्टर सोडावं लागलं तर कुठे जायचं, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही.

बुध. २ फेब्रु.

साहेब आले. जाडजूड, कमी बोलणारे. सायडिंगला सगळं स्टेशन गोळा. गणपतने पेटी उघडली. आतला बेअरिंगचा पांढरा धातू वितळून तळाशी ओघळून थिजलेला, पितळेला आरपार तडा.

साहेब उकिडवे बसून बघत राहिले. मग उठून हात पुसले. "ही बोगी पुलापर्यंत गेली नसती." स्टे.मा. नी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला एकदम तिथेच रुळावर बसावंसं वाटलं. बसलो.

गणपत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तं आधीच म्हनलो होतो, साहेब खोटं लिवत नाई." हा म्हणाला होता!

जाताना साहेबांनी विचारलं, कोंबड्यांचं काय झालं पण? म्हटलं, खाल्ल्या. ते म्हणाले, तो भाग मला कागदावर लागेल.

मंगळ. ८ फेब्रु.

तो भाग कागदावर आला. गाडी रोखल्याचा आरोप मागे. आता नवीन : रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी पक्षी कापल्याबद्दल खुलासा. स्टे.मा. म्हणतात, टाकीमागची जागा मीच झाडायला लावली, माझंही नाव घाला. चांगला माणूस. घातलं नाही.

रि. ने मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, केळी, वेलची. संकट टळल्याबद्दल एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेतलं. गणपतच्या घरी ताट गेलं. तिथून ताटात वाटाणे परत आले.

शुक्र. ११ फेब्रु.

सिकंदराबादहून एका अनोळखी बाईंचं पत्र. "लग्नात हज्जानबाबांनी सांगितलं की बल्लारशाला आपल्या माणसांचं जेवण मिळतं." दिल्लीला निघाल्यात, पाच जण, त्यांत सासरे पथ्याचे. रविवारी येतो, तसदीबद्दल क्षमस्व.

मी म्हटलं, हे बाबांनी काय करून ठेवलं. रि. तोवर पदर खोचून तांदूळ निवडायला बसली होती.

रवि. १३ फेब्रु.

पाच जण नव्हते, सात होते. भाकऱ्या पुरल्या. पथ्याच्या सासऱ्यांनी आधी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, मग विचारलं, दुधाची नि मांसाची भांडी वेगळी आहेत ना? रि. ने खिडकीतूनच सांगितलं, "बाबा, ह्या घरात मांस वर्षातून एकदा येतं, भांड्यांना संधी कुठेय?" ते हसले नि जेवले. जेवताना डोळ्यांतून पाणी, तिखटाचं असेल. म्हणाले, मद्रास, दिल्ली, कलकत्ता, आयुष्यभर गाडीत बसून उकडलेली अंडी खाल्ली.

शेवटची शिट्टी झाली तरी कालवणाचं पातेलं त्यांच्याकडेच. पातेलं दिल्लीला गेलं.

गुरु. १७ फेब्रु.

पातेलं आलं. गार्डने हातात दिलं. तोच, तरुण, नवा. आत दिल्लीची मिठाई नि चिठ्ठी. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, त्या दिवशी मी हात लावायला हवा होता. म्हटलं, पोळला असता. त्याला चहाला घरी बोलावलं.

आणखी दोन पत्रं आहेत. एका कुटुंबाने विचारलंय, मासेच असतात की कधी मांसही?

रि. ने ते पत्र वाचून माझ्यापुढे ठेवलं.

रवि. २० फेब्रु.

दोन दिवस तोच विचार. सुरीची खाच बोटाला लागते, ते एक झालं. पण जिवंत जनावराची मान धरून... लहानपणी अलिबागला वडील मला हज्जानकडे कोंबडी घेऊन पाठवायचे, मी तोंड फिरवून उभा असायचो. हे रि. ला आज सांगितलं, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. ती म्हणाली, तोंड फिरवणाऱ्यानेच शिकावं, दुखणार नाही याची काळजी तोच घेईल.

बाबांना लिहिलं, येतो म्हणून. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. "कारण" या रकान्यापाशी अडलो. स्टे.मा. म्हणाले, घरगुती लिहा. बाहेर आलो, परत आत गेलो, लिहिलं : कोंबडी नियमाने कापण्यास शिकण्याकरिता. अर्ज जाणार त्याच साहेबांकडे, ज्यांच्याकडे माझा पक्ष्यांचा खुलासा पडलाय.

स्टे.मा. नी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, शिक्का मारला.

रवि. २७ फेब्रु.

उत्तर नाही. ना अर्जाला, ना खुलाशाला.

आज बाजारात जंगोबाईने स्वतःहून दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, पुढे केल्या. गणपतने तिला सगळं सांगितलेलं दिसतं. "शिकून ये. तोवर वाढतीन." नको म्हटलं तर ऐकेना. परत आलास की एक मले देजो, म्हणाली.

घरी आणल्या. मागच्या अंगणात उलट्या टोपलीखाली ठेवल्या. रि. ने बजावलं, नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की संपलं. मान्य केलं. दोघींना पांढरी नि दुसरी असंच म्हणायचं ठरलं.

सोम. २८ फेब्रु.

सकाळी ड्यूटीला निघताना मागच्या दारी आवाज. रि. तांदळाच्या कण्या टाकतेय नि लाडाने म्हणतेय, "ये गं बेगमसाहेब, त्या दुसरीला पण खाऊ दे जरा."

मी खाकरलो. तिने कण्यांची वाटी पदराआड घेतली.